मुक्या जीवांची हगवण : विषाराचे विज्ञान आणि जीवदयेचा विवेक

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा संपादित पाठ)



सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी हगवणीसारखा विषय व्याख्यानासाठी निवडावा, याचे काहींना आश्चर्य वाटण्याचा संभव आहे. परंतु जेथे पांजरपोळ आहे, गोशाळा आहे, कत्तलीतून सोडविलेल्या बकऱ्या आणि मेंढ्या आश्रयाला आहेत, तेथे हा विषय परका नाही. मुंबईत 1834 साली पांजरपोळ स्थापन झाला, तेव्हापासून मुक्या जनावरांना आसरा देण्याचे कार्य महाराष्ट्रातील जैन समाज सातत्याने करीत आला आहे. आसरा दिलेला जीव जगला पाहिजे, हे त्या कार्याचे पुढचे पाऊल होय. आणि नवजात वासरू, रेडकू, करडू किंवा कोकरू जेव्हा आश्रयस्थानातच दगावते, तेव्हा त्यामागे फार वेळा हगवण हेच कारण असते.

हगवण हे लक्षण आहे, रोग नव्हे. तिची कारणे अनेक आहेत. रोटाव्हायरससारखे विषाणू, क्रिप्टोस्पोरिडियमसारखे एकपेशीय परजीवी, कृमी आणि आहारातील चुका ही त्यांपैकी काही होत. आजच्या विवेचनाचा विषय मात्र एकच आहे, तो म्हणजे जिवाणूंनी निर्माण केलेले विषार. आतड्याला कोठेही जखम न करता एखादा सूक्ष्म जीव चोवीस तासांत धडधाकट वासराला मरणाच्या दारात कसा नेऊन ठेवतो, हे समजले म्हणजे त्याला वाचविण्याचा मार्गही आपोआप स्पष्ट होतो.

कोलकात्यातील शोध

या ज्ञानाचा प्रारंभ आपल्याच देशात झाला, ही अभिमानाची गोष्ट आहे. रॉबर्ट कॉख यांनी 1884 मध्ये पटकीच्या जंतूचे वर्णन केले आणि हा जंतू काही विष निर्माण करीत असावा, असा तर्क मांडला. त्यानंतर पाऊण शतक लोटले, तरी ते विष कोणाला दाखविता आले नाही. बहुतेक संशोधक ते रक्तात शोधीत होते. पश्चिम बंगालमधील हुगळी जिल्ह्यात जन्मलेले डॉ. शंभूनाथ डे यांनी ते आतड्यात शोधले. 1953 मध्ये त्यांनी सशाच्या आतड्याचा एक भाग दोन्ही बाजूंनी बांधून त्यात पटकीचे जंतू सोडण्याची पद्धत सिद्ध केली. तो भाग पाण्याने टम्म फुगला. 1959 मध्ये त्यांनी जंतू पूर्णपणे गाळून काढलेला निव्वळ द्रव वापरला, तरीही आतडे तसेच फुगले. हगवण जंतूमुळे नव्हे, तर जंतूने बाहेर सोडलेल्या विषारामुळे होते, हे त्या एका प्रयोगाने सिद्ध झाले. त्याच वर्षी मुंबईच्या हाफकिन संस्थेतील दत्ता, पानसे आणि कुलकर्णी या संशोधकांनी सशाच्या पिलांवर प्रयोग करून स्वतंत्रपणे याच निष्कर्षाला पुष्टी दिली.

डॉ. डे यांचे दुसरे कार्य आजच्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. 1956 मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की हगवणीच्या रुग्णांत सापडलेले एश्चेरिशिया कोलाय या जिवाणूचे काही प्रकारही सशाच्या आतड्यात तसाच द्रव साठवितात. इ. कोलाय हा निरोगी माणसाच्या आणि जनावरांच्या आतड्यातील नित्याचा रहिवासी होय. अशा घरच्याच जिवाणूचे काही वंश विषारी असू शकतात, ही कल्पना त्या काळी नवीन होती. पुढे 1967 पासून इंग्लंडमधील पशुवैद्यक हर्बर्ट विल्यम्स स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डुकरांची पिले, वासरे आणि कोकरे यांच्यातील हगवणीचा अभ्यास करून या कल्पनेला भक्कम आधार दिला. डॉ. डे यांच्या हयातीत मात्र त्यांच्या वाट्याला मायदेशात पुरेसा सन्मान आला नाही. 1978 मध्ये स्टॉकहोम येथील नोबेल परिसंवादास त्यांना सन्मानपूर्वक पाचारण करण्यात आले आणि 1985 मध्ये त्यांचे निधन झाले.

विषार नेमके काय करतो?

लहान आतड्याच्या आतील पृष्ठभागावर मखमलीच्या तंतूंप्रमाणे असंख्य सूक्ष्म अंकुर असतात. त्यांवरील पेशी अखंड दुहेरी काम करीत असतात. काही पेशी पाणी व क्षार आतड्यात सोडतात आणि काही ते पुन्हा रक्तात शोषून घेतात. निरोगी अवस्थेत शोषणाचे पारडे जड असते. विषार हे पारडे उलटे करतो.

इ. कोलायचे दोन मुख्य आंत्रविषार आहेत. पहिला उष्णतेने नष्ट होणारा, तर दुसरा उष्णतेला दाद न देणारा. पहिल्याची रचना पटकीच्या विषाराशी सुमारे 80 टक्के जुळते. त्याचे पाच समान घटक पेशीच्या पृष्ठभागाला चिकटतात आणि सहावा घटक आत शिरून एक नियंत्रक प्रथिन कायमचे 'चालू' स्थितीत अडकवून ठेवतो. नळाची तोटी उघडी राहून तिची चावीच मोडून पडावी, तशी पेशीची अवस्था होते. क्लोराइड बाहेर पडत राहते, त्यामागे सोडियम जाते आणि त्यामागे पाणी. दुसरा विषार आकाराने अगदी लहान, अवघ्या 18 किंवा 19 अमिनो आम्लांचा असतो. आतड्यातील पाण्याचा समतोल राखणाऱ्या शरीराच्या स्वतःच्या संप्रेरकाचे तो सोंग घेतो आणि त्याच्यासाठी असलेल्या दारातूनच आपला संदेश पोहोचवितो. वासरांच्या हगवणीत प्रामुख्याने हाच दुसरा विषार आढळतो.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घेतली पाहिजे. या दोन्ही विषारांमुळे पेशी मरत नाही, आतडे सडत नाही, जखम होत नाही. पेशी जिवंत असते. फक्त तिच्या कामाची दिशा बदललेली असते. म्हणून अशा वासराच्या शेणात सहसा रक्त नसते. पिवळसर किंवा पांढुरके पाणीच वाहत असते. वासराचा मृत्यू होतो तो शरीरातील पाणी व क्षार निघून गेल्यामुळे आणि रक्तातील आम्लता वाढल्यामुळे.

केवळ विषार असून मात्र जिवाणूचे भागत नाही. आतड्याच्या प्रवाहात वाहून न जाता त्याला पेशीला घट्ट धरून राहावे लागते. त्यासाठी त्याच्या अंगावर केसांसारखे धागे असतात. डुकरांच्या पिलांतील अशा धाग्यांना के-88, तर वासरे व कोकरांतील धाग्यांना के-99 असे नाव मिळाले. स्मिथ व लिंगुड यांनी 1971 मध्ये दाखविले, की पकड आणि विषार ही दोन्ही साधने जवळ असलेला जिवाणूच पिलांना हगवणीने खरोखर आजारी पाडतो. पकड काढून घेतली की त्याचा उपद्रव संपतो. वासराच्या बाबतीत के-99 ला धरून ठेवणाऱ्या जागा जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांतच विपुल असतात. पुढे त्या कमी होत जातात. त्यामुळे या हगवणीचा मुख्य धोका पहिल्या चार-पाच दिवसांचा असतो. तेवढे दिवस सांभाळले, तर वासरू या शत्रूच्या तावडीतून बहुधा सुटते.

चीक : निसर्गाने दिलेले कवच

हे दिवस सांभाळायचे कसे? याचे उत्तर गाईच्या कासेत आहे. मानवी अर्भकाला गर्भातच आईच्या रक्तातून रोगप्रतिकारक द्रव्ये मिळतात. गाय, म्हैस, शेळी व मेंढी यांच्या वारेची रचनाच अशी असते, की ही द्रव्ये गर्भापर्यंत पोहोचत नाहीत. वासरू जवळजवळ निःशस्त्र जन्माला येते आणि त्याची सारी शस्त्रे पहिल्या दुधात, म्हणजे चिकात असतात. ही द्रव्ये जशीच्या तशी रक्तात शोषून घेण्याची आतड्याची क्षमता तासागणिक घटत जाते आणि सुमारे 24 तासांनंतर संपुष्टात येते. म्हणून शक्यतो पहिल्या दोन तासांत आणि कोणत्याही परिस्थितीत सहा तासांच्या आत वासराने चीक प्यायला हवा. वासराच्या वजनाच्या सुमारे एक-दशांश, म्हणजे 25 किलोच्या वासराला अडीच लिटर, हे पहिल्या दिवसाचे सर्वसाधारण किमान प्रमाण होय. अधिक मिळाल्यास उत्तमच.

आपल्याकडे दोन समजुती या कवचाच्या आड येतात. वार पडेपर्यंत वासराला कासेला लावू नये, ही पहिली. वार पडण्यास कित्येक तास लागू शकतात आणि तेवढ्यात मोलाचा वेळ निघून जातो. वस्तुतः वासरू कासेला लागले, की गाईच्या शरीरात जे संप्रेरक स्रवते ते गर्भाशयाचे आकुंचन घडवून वार पडण्यास मदतच करते. जास्त चिकाने वासराला हगवण लागते, ही दुसरी समजूत. चिकामुळे शेण थोडे पातळ होऊ शकते. परंतु जीवघेणी हगवण होते ती चीक न मिळाल्यामुळे. उरलेल्या चिकाच्या खरवसाला घरोघरी मागणी असते. व्यालेल्या गाईचे पहिल्या दिवसांचे दूध वर्ज्य मानण्याची परंपरा अनेक जैन घरांत आजही पाळली जाते. त्यामागील धार्मिक विचार काहीही असो, त्या दुधावर पहिला हक्क वासराचा आहे, हे पशुविज्ञानही तितक्याच ठामपणे सांगते.

याच तत्त्वाचा पुढचा टप्पा म्हणजे गाभण मातेला लस देणे. 1973 मध्ये रटर व जोन्स यांनी गाभण डुकरिणींना के-88 विरोधी लस देऊन त्यांच्या पिलांना दुधातून संरक्षण मिळते, हे सिद्ध केले. पुढे गाईंसाठीही के-99 वर आधारित लसी निघाल्या. परंतु येथेही चीक वेळेवर पाजला गेला तरच लसीचा लाभ वासरापर्यंत पोहोचतो.

आंत्रविषार आणि दानाचा अतिरेक

दुसरा विषारकर्ता आहे क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स. तो मातीत असतो आणि निरोगी जनावराच्या आतड्यातही अल्प प्रमाणात असतो. निर्माण होणाऱ्या विषारांवरून त्याचे पूर्वी अ ते इ असे पाच प्रकार मानले जात. 2018 मध्ये त्यांची संख्या सात करण्यात आली. त्यांपैकी ड प्रकाराचा जिवाणू एप्सिलॉन नावाचा विषार निर्माण करतो आणि शेळ्या-मेंढ्यांत जो रोग होतो, त्याला महाराष्ट्रातील पशुपालक आंत्रविषार या नावाने ओळखतात.

या विषाराची गंमत अशी, की तो आधी निद्रिस्त रूपात तयार होतो आणि प्राण्याच्या स्वतःच्याच ट्रिप्सिन या पाचक रसाने जागा होतो. याउलट त्याच जिवाणूच्या ब व क प्रकारांचा बीटा विषार ट्रिप्सिनने नष्ट होतो; म्हणूनच ज्यांच्यात ट्रिप्सिनचे कार्य अद्याप मंद असते, अशा अगदी कोवळ्या पिलांवर त्याचा घाला पडतो.

जागा झालेला एप्सिलॉन आतड्याची भिंत सच्छिद्र करून रक्तात शिरतो आणि मेंदू व मूत्रपिंड यांतील रक्तवाहिन्यांना इजा करतो. मेंढी पुष्कळदा कोणतेही लक्षण न दाखविता, आदल्या सायंकाळी चरून आलेली, सकाळी मृत आढळते. शेळीत पाण्यासारखी, कधी रक्तमिश्रित हगवण अधिक ठळकपणे दिसते.

आता यातील कळीचा मुद्दा. आतड्यात आधीपासून असलेला हा जिवाणू एकाएकी का माजतो? कारण आहारातील अचानक बदल. धान्य किंवा पिष्टमय अन्न एकदम भरपूर खाल्ले, की त्यातील न पचलेला भाग लहान आतड्यात उतरतो आणि जिवाणूला मेजवानी मिळते. त्यामुळेच कळपातील सर्वांत धष्टपुष्ट, सर्वांत अधिक खाणारे कोकरू आधी दगावते. पावसाळ्याच्या प्रारंभी कोवळे लुसलुशीत गवत उगवते, तेव्हाही हा धोका वाढतो.

पांजरपोळाच्या संदर्भात हे वैज्ञानिक सत्य काहीसे कटू आहे. वाढदिवस, पुण्यतिथी, तपाचे पारणे अशा निमित्तांनी भाविक मंडळी मोठ्या श्रद्धेने लापशी, पोळ्या, गूळ, धान्य घेऊन येतात आणि डोळ्यांदेखत जनावरांना खाऊ घालतात. कडबा किंवा वाळलेले गवत यांची सवय असलेल्या, उपाशीपोटी सोडवून आणलेल्या बकरीसमोर असे पातेले रिकामे झाले, तर दुसऱ्या दिवशी तिला हगवण लागू शकते, तिसऱ्या दिवशी ती दिसेनाशी होऊ शकते. गाईंनाही अशा अन्नाने पोटात आम्लता वाढून प्राणघातक अपचन होते. देणाऱ्याचा भाव निर्मळ असतो; परंतु घेणाऱ्याचे पोट भाव ओळखत नाही. दाता घरी समाधानाने परततो आणि परिणाम मात्र रात्रपाळीच्या सेवकाला पाहावा लागतो. ज्या दयेने जीव सोडविला, त्याच दयेच्या उतावळेपणाने तो गमवावा, याहून मोठा विपर्यास कोणता?

यावर उपाय अवघड नाही. शिजविलेल्या अन्नाऐवजी तितक्याच किमतीचा सुका चारा, लस, औषधे किंवा पाण्याची सोय यांसाठी दान द्यावे. नवीन जनावराला प्रथम सुका चारा व पाणी द्यावे आणि आहारातील कोणताही बदल दहा ते चौदा दिवसांत टप्प्याटप्प्याने करावा. आंत्रविषाराची लस पावसाळ्यापूर्वी टोचून घ्यावी; प्रथमच देताना दोन-तीन आठवड्यांनी दुसरी मात्रा आणि पुढे दरवर्षी, असा सर्वसाधारण क्रम असतो. पुण्यातील शासकीय पशुवैद्यकीय जैविक उत्पादन संस्थेत ही लस तयार होते.

मीठ, साखर आणि पाणी

हगवण लागलीच तर काय करावे? येथे विषाराची एक उणीव उपयोगी पडते. तो पाण्याचे एक दार उघडे टाकतो, पण दुसरे दार बंद करू शकत नाही. सोडियम आणि ग्लुकोज एकत्र आले, तर ते आतड्यातून शोषले जातात आणि त्यांच्याबरोबर पाणीही आत येते. 1971 मध्ये बांगलादेशाच्या मुक्तियुद्धाच्या वेळी बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत शिरेतून द्यावयाचे सलाइन संपू लागले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोज यांचे पाणी पिंपांतून वाटले. मृत्युप्रमाण सुमारे 30 टक्क्यांवरून 4 टक्क्यांच्याही खाली आले. 2022 मध्ये ते निवर्तले आणि 2023 मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले.

जे माणसाच्या बाळाला, तेच वासराला. डोळे खोल गेलेले असणे आणि मानेची कातडी चिमटीत धरून सोडली असता ती सावकाश पूर्ववत होणे, या शरीरातील पाणी कमी झाल्याच्या खुणा आहेत. 40 किलोच्या वासराच्या शरीरातील पाण्याची तूट वजनाच्या 8 टक्के असेल, तर ती भरून काढण्यासाठीच 3 लिटरहून अधिक क्षारजल लागते. पुढे वाहून जाणारे पाणी वेगळेच. दूध पूर्ण बंद करण्याची जुनी रीत आता योग्य मानली जात नाही, कारण त्यामुळे वासरू उपासमारीने खचते. दूध थोडे थोडे चालू ठेवावे आणि मधल्या वेळांत क्षारजल पाजावे. वासरू चोखत नसेल, उभे राहत नसेल किंवा अंग गार पडले असेल, तर क्षणाचाही विलंब न करता पशुवैद्यकाला बोलवावे; तेथे शिरेतून सलाइन हाच मार्ग असतो.

प्रतिजैविकांबाबत संयम आवश्यक आहे. विषाणूजन्य हगवणीवर त्यांचा उपयोग होत नाही आणि आधीच सुटलेला विषार त्यांनी नाहीसा होत नाही. अनाठायी वापराने जिवाणू मात्र निर्ढावतात. डुकरांच्या हगवणीवर सर्रास वापरल्या जाणाऱ्या कोलिस्टिन या औषधाला दाद न देण्याचा गुण एका जिवाणूतून दुसऱ्यात जाऊ शकतो, हे 2015 मध्ये चीनमध्ये उघड झाले. माणसासाठी ते अखेरच्या आधाराचे औषध असल्याने भारत सरकारने 2019 मध्ये अन्नोत्पादक प्राण्यांतील त्याच्या वापरावर बंदी घातली.

एक न टाळता येणारा प्रश्न

या सभेत एक प्रश्न अनेकांच्या मनात आला असेल. ज्या ज्ञानाने वासरे वाचतात, ते सशांच्या वेदनेतून आले. याचा हिशेब कसा मांडायचा? हा प्रश्न झटकून टाकण्याजोगा नाही, आणि उपकाराच्या आकड्यांनी तो मिटणाराही नाही. इतके मात्र नमूद केले पाहिजे, की विज्ञानाने त्या वाटेवर थांबून राहण्याचे नाकारले. 1974 च्या सुमारास प्रयोगशाळेत वाढविलेल्या पेशींवर उष्णतेने नष्ट होणाऱ्या विषाराची परीक्षा करता येऊ लागली आणि नंतर जनुकीय चाचण्या आल्या. आज शेणाच्या चिमूटभर नमुन्यावरून, कोणत्याही जिवाला न दुखविता, विषाराच्या जनुकाचा शोध घेता येतो. झालेली हिंसा त्यामुळे न झालेली ठरत नाही. परंतु तिच्यातून मिळालेले ज्ञान कपाटात पडून राहणे, हा त्या मुक्या जिवांवर दुसरा अन्याय ठरेल.

समारोप

सारांश असा : जन्मल्याबरोबर चीक, कोरडी व स्वच्छ जागा, आजारी पिलाला वेगळे ठेवणे, नव्या जनावरांना दोन-तीन आठवडे निराळा निवारा, आहारात सावकाश बदल, वेळेवर लस आणि हगवण लागताच क्षारजल. यांतील एकही गोष्ट पांजरपोळाच्या आवाक्याबाहेरची नाही. पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी पदरमोड करून संस्थेचा पाया घातला, त्यांनी जनावरांसाठी भिंती आणि छप्पर उभे केले. त्या छपराखाली जन्मणाऱ्या वा आश्रयाला येणाऱ्या जिवाचे पहिले चार-पाच दिवस सुखरूप पार पडावेत, ही पुढील पिढीची जबाबदारी आहे. दानपेटीत टाकलेल्या रुपयाइतकेच मोल पहाटे उठून वासराला कासेला लावणाऱ्या हातांचेही आहे. त्या हातांना आवश्यक ते ज्ञान आणि आवश्यक ती साधने मिळवून देण्याचा संकल्प या सुवर्णमहोत्सवी वर्षात व्हावा, हीच मंगल कामना.

जय जिनेंद्र!